टॉड्री : राणीच्या गळ्याशी आलेला शब्द

श्रोतेहो, नमस्कार. आजचं इंग्रजी विशेषण आहे टॉड्री. पुन्हा सांगतो, टॉड्री. वरून चकचकीत, पण मालाला हलकी, अशी वस्तू टॉड्री. नुसता भपका, आत काही नाही. अर्थ एवढाच आहे, पण शब्द आला कुठून ते सांगायला मला फार आवडतं, तेव्हा आज जरा जास्त वेळ घेतो.

सातव्या शतकात इंग्लंडच्या पूर्वेला ईस्ट अँग्लिया नावाचं राज्य होतं. तिथल्या राजाची मुलगी एथेलथ्रिथ. राजाचं स्वतःचं नाव ॲना, आणि तो पुरुष होता बरं का! एथेलथ्रिथची दोन लग्नं झाली. दुसरा नवरा तर पुढे नॉर्थम्ब्रियाचा राजाच झाला. पण तिचं मन संसारात रमेना. शेवटी राणीपद सोडून तिने 673 साली ईली इथे मठ उभारला. अंगावर फक्त लोकरी वस्त्रं. गरम पाण्याची अंघोळ मोठ्या सणाआधीच, आणि तीही मठातल्या सगळ्याजणींना न्हाऊ घातल्यावर, सर्वांत शेवटी. (हल्ली साधेपणाचेसुद्धा फोटो काढून लोकांना दाखवतात. असो.)

मग तिच्या जबड्याखाली मोठी गाठ आली. किनेफ्रिथ नावाच्या वैद्याने चिरा देऊन ती फोडली. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा कळा सुरू झाल्या आणि त्यातच ती गेली. साल 679. पण या दुखण्याबद्दल ती म्हणायची काय? लहानपणी मी गळ्यात नको तितके हार मिरवले, त्याचं हे प्रायश्चित्त. सोन्यामोत्यांच्या जागी आता ही लाल सूज! बीड नावाच्या मठवासी इतिहासकाराने 731 साली पूर्ण केलेल्या ग्रंथात हे सगळं लिहून ठेवलंय. सोळा वर्षांनी तिच्या बहिणीने थडगं उघडवलं, तेव्हा तो वैद्य हजर होता. मी दिलेली जखम भरून आली होती, नुसता बारीक वण राहिला होता, असं त्याने सांगितलं. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मला तो वैद्य आवडतो, एवढंच.

तर हारांचा पश्चात्ताप करत गेलेली ही बाई संत झाली. लोकांच्या तोंडी तिचं नाव झिजून ऑड्री झालं. सेंट ऑड्री. तिच्या नावाने ईलीला ऑक्टोबरात जत्रा भरू लागली, आणि त्या जत्रेत विकायला काय? गळ्यात बांधायच्या रेशमी फिती! सेंट ऑड्रीची लेस. भराभर म्हणून बघा. सेंटमधला ट ऑड्रीला चिकटतो आणि होतं टॉड्री. लंडनच्या टूली स्ट्रीटचंही असंच झालं. ते मुळात सेंट ओलाव्हचं नाव.

शेक्सपिअरच्या ‘द विंटर्स टेल’ नाटकात एक खेडवळ पोरगी टॉड्री लेस हट्टाने मागते, म्हणजे तोवर ती हौसेची चीज होती. पुढे जत्रेतला माल स्वस्त, भडक होत गेला आणि सतराव्या शतकात त्या नावाचं हिणवणारं विशेषण झालं. दोष मालाचा, नाव बिचारीचं.

आता वेळ थोडा आहे, वापर पटकन सांगतो. टॉड्री दागिने, टॉड्री सजावट हे उघडच. पण टॉड्री प्रकरण, टॉड्री राजकारणही म्हणतात; तिथे अर्थ हिणकस, लाज वाटावी असं. गॉडी आणि टॉड्री यांत घोळ करू नका. गॉडी म्हणजे नुसतं भडक, ते महागही असू शकतं. टॉड्री भडक आणि वर हलकंही. शब्दांच्या याद्या पाठ करणाऱ्यांना हा फरक कधीच कळत नाही, म्हणून मी याद्यांच्या विरुद्ध आहे. आणि नुसत्या स्वस्त, साध्या वस्तूला टॉड्री म्हणू नका. साधी वस्तू आव आणत नाही.