हातचा एक : सर्किट बांधायच्या खेळाविषयी खेळणारे काय म्हणतात

(काळा पडदा. डावीकडे दोन ठिपके, उजवीकडे एक. मधे काही नाही.)

डावीकडून दोन सिग्नल येतात, उजवीकडे एक जायला हवा. मधल्या रिकाम्या जागेत तुम्हाला एकच वस्तू ठेवता येते, मात्र हवी तितक्या वेळा. तिचं नाव नँड गेट. दोन्ही तारा चालू असतील तेव्हाच ते बंद होतं, एरवी कायम चालू. एवढं सांगून खेळ गप्प बसतो, आणि पुढचं सगळं तुमच्यावर सोडतो.

खेळाचं नाव ट्युरिंग कम्प्लीट. २ ऑक्टोबर २०२१ रोजी तो अर्ली ॲक्सेसमध्ये आला, म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच खेळाडूंच्या हाती दिला गेला. सुरुवात या एका गेटपासून होते. शेवटी तुम्ही बांधलेल्या संगणकावर तुम्हीच लिहिलेला प्रोग्राम चालतो. बंदुका नाहीत, शर्यत नाही. आहेत त्या तारा, गेट आणि एक तपासणी: दिलेल्या प्रत्येक इनपुटला तुमच्या सर्किटनं बरोबर आउटपुट दिलं की नाही.

खेळाडूंनी या खेळाचं भरभरून कौतुक केलं आहे. पण ते कौतुक नीट ऐकलं, की त्यात दोन सूर पुन्हा पुन्हा कानावर येतात. एक असा, की संगणक आतून कसा चालतो ते आयुष्यात पहिल्यांदा इथे समजलं. दुसरा असा, की हा खेळ काही म्हणजे काही समजावून सांगत नाही. गंमत ही, की हे दोन्ही बऱ्याचदा एकच माणूस सांगत असतो. मला वाटतं या खेळाचं मर्म तिथेच आहे, म्हणून आज आपण तिथेच थांबून बघणार आहोत.

(पडद्यावर चार-पाच नँड गेट ओढून आणली जातात. तारा जोडल्या जातात, खोडल्या जातात.)

आधी नँडबद्दल. १९१३ साली हेन्री शेफर या तर्कशास्त्रज्ञानं दाखवून दिलं, की 'आणि', 'किंवा', 'नाही' ही सगळी तर्काची क्रियापदं एकाच क्रियेतून उभी करता येतात. नँड ही तशी एक क्रिया, नॉर (दोन्ही बंद असतील तेव्हाच चालू) ही दुसरी. हे नुसतं कागदावर राहिलं नाही. अपोलो यानांना चंद्रापर्यंत वाट दाखवणाऱ्या संगणकाचं सगळं तर्काचं काम नॉर गेटवर चालत होतं. हजारो गेट, पण प्रकार एकच.

नवख्या खेळाडूला हे अन्याय वाटतं. 'अँड' सरळ आहे, मग ते आधी का देत नाहीत? नँड म्हणजे तर अँड उलटं केलेलं! पण सिलिकॉनवर गोष्ट बरोबर उलटी आहे. आजच्या नेहमीच्या रचनेत नँडला चार ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपवरचे बारीक स्विच, लागतात. अँड हवं असेल, तर नँडच्या पुढे आणखी दोन ट्रान्झिस्टरचं नॉट, म्हणजे सिग्नल उलटा करणारं गेट, जोडावं लागतं. आपल्याला सोपं वाटतं ते चिपला महाग पडतं. खेळानं हे कुठे लिहून ठेवलेलं नाही. नँडचं नॉट आणि नॉटमधून अँड बांधताना ते बोटांना कळतं.

मग येतं एक्सऑर. 'हे किंवा ते, पण दोन्ही एकदम नाही.' खेळाडूंच्या बोलण्यात या कोड्याचा उल्लेख हमखास येतो, आणि ते साहजिकच आहे, कारण पाठ केलेलं इथे पहिल्यांदा पुरत नाही. बहुतेक जण मराठी वाक्य जसं बोलतो तसंच सर्किट बांधतात: एक 'किंवा', एक 'दोन्ही नाही', आणि या दोघांना जोडणारं 'आणि'. सगळं नँडमध्ये मोजलं तर सहा गेट. चालतं. पडदा हिरवा होतो.

आणि मग कळतं की हे चारांतही होतं.

(सहा गेटांचं सर्किट पुसलं जातं. चार गेट हळूहळू येतात.)

इथे मी जरा सावकाश जाणार आहे. दोन्ही तारा पहिल्या नँडमध्ये घाला. त्याचं आउटपुट दोन फाट्यांनी पुढे न्या. एका फाट्याला पहिली मूळ तार भेटते आणि होतं दुसरं नँड. दुसऱ्या फाट्याला दुसरी मूळ तार भेटते आणि होतं तिसरं. या दोघांची आउटपुट चौथ्यात. आता दोन्ही इनपुट चालू करून बघा. पहिलं नँड बंद पडतं. ते बंद, म्हणून दुसरं आणि तिसरं दोन्ही चालू. दोन्ही चालू, म्हणून चौथं बंद. आता एकच इनपुट चालू ठेवा: पहिलं चालू राहतं, मधल्या दोनांपैकी एक बंद होतं, आणि तेवढ्यानं चौथं चालू होतं.

ते पहिलं गेट एकाच वेळी दोघांच्या कामाला येतं. हे ज्याला आपलं आपण सापडलं, तो ते विसरत नाही. मी स्वतः एक्सऑरचा तक्ता परीक्षेसाठी पाठ केला होता, त्याचे पूर्ण गुणही मिळाले होते. पण त्या तक्त्यामागे अशी काटकसर दडलेली असू शकते, हे मला बऱ्याच वर्षांनी पडद्यावरच्या या चार चौकोनांनी दाखवलं. म्हणून वर्गात वर्षभर कळलं नाही ते इथे काही संध्याकाळींत कळलं असं एखादा खेळाडू म्हणतो, तेव्हा मला ती अतिशयोक्ती वाटत नाही. वर्गात उत्तर आधी येतं, प्रश्न नंतर.

यानंतरचं कोडं बेरजेचं. शाळेत आपण म्हणायचो, 'हातचा एक.' एका रकान्यात मावलं नाही, की जास्तीचा एक पुढच्या रकान्याच्या डोक्यावर चढवायचा. सर्किटही नेमकं हेच करतं, फक्त त्याच्याकडे अंक दोनच, शून्य आणि एक. एक आणि एक मिळून होतात दोन. ते लिहायचे एक-शून्य: खाली शून्य, हातचा एक. खालचा अंक द्यायला एक्सऑर, हातचा द्यायला अँड. मागच्या रकान्यातून आलेला हातचाही मिळवायचा, तर नऊ नँड गेट पुरतात. अशी आठ सर्किटं शेजारी मांडून एकाचा हातचा दुसऱ्याला दिला, की ० ते २५५ मधल्या आकड्यांची बेरीज करणारं यंत्र तयार. २५५ मध्ये एक मिळवला, की आठही दिवे विझतात आणि हातचा पलीकडे बाहेर पडतो. खेळाडू यातच रमतात, आणि मला त्यांचं अगदी पटतं.

(पडद्यावर आठ दिवे एकदम विझतात.)

खेळाचं संगीत, रंग, मांडणी यांवर फार वेळ घालवत नाही. बेताचं आहे, कामाला पुरतं. मोठी सर्किटं झाली की तारांचा गुंता होतो आणि दुरुस्ती करायला डोळे ताणावे लागतात, ही तक्रार मात्र खरी आहे.

खरा वाद स्मृतीपाशी होतो. इथवरच्या सर्किटांना काळ माहीत नसतो. इनपुट दिलं की आउटपुट, आधी काय झालं याची आठवण नाही. आठवण ठेवायची तर आउटपुट फिरवून पुन्हा स्वतःच्याच इनपुटात आणावं लागतं. तार तशी जोडली, तर खेळ ती नाकारतो: गोल फिरणारी जोडणी चालणार नाही. त्याऐवजी तो एक विलंबाचा तुकडा हातात देतो. आत आलेला सिग्नल तो घड्याळाचा एक ठोका थांबवून बाहेर सोडतो. या तुकड्याभोवती तार फिरवून तुम्ही एक बिट, म्हणजे एक शून्य किंवा एक, साठवायचा.

इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या खेळाडूला हे खुपतं. त्याचं म्हणणं असं, की दोन गेटांची आउटपुट एकमेकांच्या इनपुटात घातली की लॅच होतो. तीच तर स्मृती, आणि तीच तुम्ही बंद केलीत! त्याची बाजू भक्कम आहे. एकमेकांना धरून ठेवणाऱ्या दोन भागांची ही युक्ती एकल्स आणि जॉर्डन यांनी १९१८ साली व्हॅक्यूम ट्यूब वापरून साधली होती. ती हाताने बांधताना जो थरार होतो, तो विलंबाच्या तयार तुकड्यातून मिळत नाही.

तरीही मी इथे खेळाच्या बाजूनं उभा राहीन. खऱ्या लॅचमध्ये दोन सिग्नल जवळपास एकाच क्षणी पोचले, तर सर्किट कुठल्या बाजूला पडेल ते सांगता येत नाही. नवख्या माणसासमोर ही अडचण आणि स्मृतीची कल्पना एकदम टाकली, तर तो दोन्ही सोडून उठेल. ठोका आधी, धोका नंतर, हा क्रम मला योग्य वाटतो. खटकतं ते एवढंच, की आपण काय बाजूला ठेवलं हे खेळ सांगत नाही. एक ओळ पुरली असती.

दुसरी तक्रार याच्या जोडीची. खेळात तारा फुकट आहेत. कितीही लांब ओढा, सिग्नल पोचायला वेळ लागत नाही. आजच्या चिपमध्ये मात्र लांब तारेवर जाणारा वेळ गेटपेक्षा भारी पडू शकतो. व्होल्टेज नाही, खरखर नाही, तापणं नाही. खेळ तर्क शिकवतो, वीज शिकवत नाही. हे घेऊन खऱ्या बोर्डाकडे जाणाऱ्यानं ध्यानात ठेवावं.

(पडद्यावर एक पूर्ण संगणक. तारांचं दाट जाळं.)

सर्वांत जास्त खेळाडू जिथे खेळ सोडतात, असं त्यांच्याच बोलण्यातून जाणवतं, ती जागा पुढे आहे. गेट संपतात आणि एकदम संगणक बांधायचा असतो. त्याचं नाव ओव्हर्चर. सहा रजिस्टर, म्हणजे आकडे ठेवायच्या सहा जागा, आणि प्रत्येक आज्ञा एका बाइटची, म्हणजे आठ बिटांची. बाइटचे वरचे दोन बिट ठरवतात आज्ञा कुठल्या जातीची: आकडा भर, गणित कर, नक्कल कर, की अट तपासून उडी मार. पायरी उंच आहे, यात वाद नाही. 'आज्ञा म्हणजे नुसता आकडा' ही कल्पना इतकी मोठी आहे, की तिला दोन-तीन कोडी जास्तीची हवी होती. इथे अडलेल्यांना हुशारी कमी पडली असं मी मुळीच म्हणणार नाही. त्यांना एक आधार कमी पडला.

हा प्रश्न नवा नाही. १९८२ साली मुलांसाठी रॉकीज बूट्स नावाचा खेळ आला होता. त्यात गेट जोडली की तारांतून नारिंगी रंग वाहताना दिसायचा, आणि वीज कुठवर पोचली ते लहान मूलही सांगू शकायचं. त्याच कंपनीचा १९८४ चा रोबोट ऑडिसी मात्र इतका अवघड, की पुढे इंजिनिअर झालेले लोकही तो लहानपणी पुरा झाला नाही असं सांगतात. सांगताना राग नसतो, ओढ असते. अर्धवट राहिलेलं कोडं माणूस चाळीस वर्षं जवळ बाळगतो.

पायरी चढून गेलेल्यांचं बोलणं वेगळंच असतं. एका कोड्यात लघुग्रहाचा परीघ काढायचा आहे. त्रिज्या मिळते, पाय (π) तीन धरायचा, म्हणजे त्रिज्येची सहापट. पण तुमच्या संगणकाला गुणाकार येत नाही. तुम्ही त्याला शिकवलाच नाही. मग बेरीज करायची, पुन्हा बेरीज, पुन्हा. दुसरीकडे आज्ञेतून ६३ पेक्षा मोठा आकडा भरायला जाल, तर तो मावत नाही, कारण आठांपैकी दोन बिट आज्ञेच्या जातीलाच गेले. ही मर्यादा कोणी लादलेली नाही. ती तार तुम्हीच तिथे नेली होती.

मग एक चक्रव्यूह येतो. यंत्र आत सोडायचं, उजवा हात भिंतीला ठेवून चालवायचं. प्रोग्राम चुकला की ते एकाच कोपऱ्यात गरगर फिरत राहतं. अशा वेळी घड्याळ थांबवून एकेक ठोका पुढे जाता येतं. आज्ञा वाचली, रजिस्टर बदललं, अट तपासली. चूक प्रोग्रामात नसेल, तर सर्किट उघडायचं. संगणकाच्या आत बेरीजयंत्र, त्याच्या आत एक्सऑर, आणि त्याच्या आत चार गेट.

(पडद्यावर चार गेट. पहिल्या नँडची एक तार भलतीकडे गेलेली आहे. कर्सर ती उचलतो.)