माकडं किती? सोळा की अठ्ठेचाळीस?

[दृश्य: चाळीसगावजवळचं पाटण, डोंगर, देऊळ]

मायनस बी, प्लस-मायनस रूट बी स्क्वेअर मायनस फोर एसी, अपॉन टू ए. दहावीला वर्गसमीकरण सोडवायचं हे सूत्र घोकून घेतात. त्यातला ४ कुठून आला, हे सहसा कोणी विचारत नाही. त्याला मार्क नसतात ना!

१२०७ सालच्या इथल्या शिलालेखात एका मठाची नोंद आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तो काढला. त्या ग्रंथांतलं 'बीजगणित' उघडू. साल ११५०.

[पडद्यावर: उदाहरण]

माकडांच्या कळपाचा आठवा भाग घ्या, त्याचा वर्ग करा. तेवढी माकडं रानात हुंदडताहेत, उरलेली १२ टेकडीवर. एकूण किती?

आपण क्ष धरू. भास्कराचार्य 'यावत्तावत्' म्हणत, लिहिताना नुसतं 'या'. मांडणी होते: (क्ष/८)² + १२ = क्ष, म्हणजेच क्ष² − ६४क्ष = −७६८.

आता ते आपल्या आधीचे गणिती श्रीधराचार्य यांचं नाव घेऊन त्यांची युक्ती वापरतात. श्रीधरांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज मिळत नाही, पण नियम असा उद्धृत होत टिकला. क्ष² च्या सहगुणकाची चौपट करून तिने दोन्ही बाजूंना गुणायचं. इथे सहगुणक १, म्हणून ४ ने:

४क्ष² − २५६क्ष = −३०७२

मग क्ष च्या मूळ सहगुणकाचा, ६४ चा, वर्ग दोन्हीकडे मिळवायचा: ४०९६. डावीकडे (२क्ष − ६४) चा पूर्ण वर्ग झाला, उजवीकडे १०२४, म्हणजे ३२ चा वर्ग. सूत्रातला ४ आणि खालचा २ इथून आले. नुसता पूर्ण वर्ग करायला गेलात, तर मधला सहगुणक निम्मा करताना अपूर्णांक आडवे येऊ शकतात. आधीच चौपट केली की ती कटकटच नाही.

वर्गमूळ ३२ किंवा −३२. माकडं ४८ किंवा १६. सोळाचा आठवा भाग २, वर्ग ४, अधिक १२: सोळा. अठ्ठेचाळीसही असंच जुळतं. दोन्ही उत्तरं मान्य!

[दृश्य: गुहा, फांदीवर एकटं माकड]

पुढच्या उदाहरणात कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून वर्ग केला, तेवढी गुहेत शिरली. एक फांदीवर दिसतंय. उत्तरं ५० आणि ५. पण ५ घेतले, तर पाचवा भाग १, त्यातून ३ गेले की उणे २. भास्कराचार्य हे उत्तर सोडून देतात. अशा ऋण संख्येवर लोकांचा विश्वास बसत नाही, म्हणतात. लोकांचा. स्वतः ते ग्रंथभर ऋण संख्यांची बेरीज-वजाबाकी बिनदिक्कत करत असतात.