पॉवरबँडच्या अलीकडे

श्रोतेहो, नमस्कार. जुन्या टू-स्ट्रोक स्पोर्ट मोटारसायकलींचा विषय निघाला की पहिला प्रश्न अश्वशक्तीचा येतो, दुसरा वजनाचा आणि तिसरा कमाल वेगाचा. हे आकडे खोटे नसतात. पण अशा दोन-तीन गाड्या एकाच रस्त्यावर, एकाच दिवशी, एकीवरून उतरून लगेच दुसरीवर बसत चालवल्या, तर मनात राहणारा फरक त्या आकड्यांत फारसा सापडत नाही. तो सापडतो टॅकोमीटरच्या, म्हणजे इंजिनाच्या मिनिटामागील फेऱ्या दाखवणाऱ्या काट्याच्या, मधल्या टप्प्यात, इंजिन पॉवरबँडमध्ये, म्हणजे त्याला खरा जोर येतो त्या पट्ट्यात, शिरण्याच्या अगोदरच्या हजार-दीड हजार फेऱ्यांत. तेथे गाडी रेंगाळते, कुरकुरते, की निमूटपणे ओढत राहते, यावरून ती बनवणाऱ्या अभियंत्यांनी कोणती तडजोड पत्करली हे उमगते. आज बोलायचे आहे ते मुख्यतः या टप्प्याविषयी.

त्यासाठी इंजिनाची थोडी ओळख करून घ्यावी लागेल. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरणाऱ्या दांड्याच्या, प्रत्येक फेरीला एकदा स्फोट होतो. फोर-स्ट्रोकमध्ये तो दोन फेऱ्यांतून एकदा होतो. कॅमशाफ्ट, टायमिंग चेन असले लटांबर येथे नाही; सिलिंडरच्या भिंतीतील पोर्ट, म्हणजे वायू आत-बाहेर जाण्याची छिद्रे, पिस्टनच उघडतो आणि पिस्टनच झाकतो. अडचण अशी, की जळालेला वायू बाहेर पडत असताना ताजे मिश्रणही त्याच्यामागोमाग निसटते. ते रोखण्याचे काम एक्झॉस्टची ती मधेच फुगलेली आणि पुन्हा निमुळती होणारी नळी, म्हणजे एक्स्पान्शन चेंबर, करते. स्फोटानंतर निघालेली दाबाची लाट नळीच्या रुंदावणाऱ्या भागात पोचली की उलट दिशेने एक ओढ निर्माण होते आणि सिलिंडर झटकन रिकामा होतो. तीच लाट पुढच्या निमुळत्या भागावर आपटून परत येते आणि निसटू पाहणारे ताजे मिश्रण पोर्ट झाकले जाण्याच्या आत पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. लाटेचा वेग बहुतांशी वायूच्या तापमानावर ठरतो आणि नळीची लांबी तर बदलत नाही, म्हणून हा मेळ फेऱ्यांच्या एका ठरावीक पट्ट्यातच जमतो. तो पट्टा म्हणजे पॉवरबँड. त्याच्या अलीकडे लाट चुकीच्या वेळी परतते आणि इंजिन घुसमटते.

या लाटांचा हिशोब सर्वांत चिकाटीने मांडला तो पूर्व जर्मनीतील त्शोपाऊ येथील एमझेड कारखान्याचे अभियंते वाल्टर काडेन यांनी. 1961 साली त्यांच्या 125 सीसीच्या रेसिंग इंजिनाने सुमारे 25 अश्वशक्ती दिली, म्हणजे लिटरमागे 200, आणि तीही हवा दाबून भरणाऱ्या कोणत्याही सुपरचार्जरविना. त्याच वर्षी स्वीडनमधील शर्यतीनंतर त्यांचा चालक अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळून गेला, सुझुकीला जाऊन मिळाला आणि 1962 मध्ये 50 सीसी गटाचा विश्वविजेता झाला. काडेन यांची विद्या जपानला कशी पोचली, हे यावरून वेगळे सांगायला नको. पुढच्या दोन दशकांत जपानी कारखान्यांनी जे केले ते एका अर्थी या अरुंद पट्ट्याशी केलेले भांडण होते, आणि प्रत्येकाची भांडायची तऱ्हा निराळी होती.

कावासाकीने भांडण टाळून सिलिंडर वाढवले. 1969 ची एच-वन, अर्थात मॅक थ्री, ही 498 सीसीची, तीन सिलिंडरची, 60 अश्वशक्तीची गाडी. खालच्या फेऱ्यांत ती अगदी साधी, जवळजवळ सुस्त वाटते. मग काटा एका जागी पोचतो आणि पुढचे चाक हलके होऊ लागते. तिची फ्रेम आणि ड्रम ब्रेक या ताकदीच्या मानाने लेचेपेचे होते, आणि वळणावर मधेच पॉवरबँड सुरू झाला तर ते फार लवकर कळते. तिचा आवाज मात्र दुसऱ्या कशाला येत नाही: 120 अंशांच्या अंतराने होणारे स्फोट मिळून एकसलग किंकाळी उठते. या गाडीला मी आदराने वागवतो, पण तिच्यावर जीव जडत नाही.

यामाहाने दुसरी वाट धरली. 1973 च्या आरडी-350 मध्ये कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये रीड व्हॉल्व्ह आला. पातळ पट्ट्यांची ही झडप मिश्रणाला आत येऊ देते, मागे फिरू देत नाही. त्यामुळे कमी फेऱ्यांत कार्ब्युरेटरच्या तोंडाकडे उलटे फुसफुसणारे मिश्रण थांबले आणि मधला टप्पा भरून आला. एच-वनवरून उतरून आरडीवर बसले की ताकद कमी असल्याचे जाणवायच्या आधी हा फरक जाणवतो. ॲक्सिलरेटर थोडा पिळला तर गाडी थोडी पुढे जाते. हे वाक्य क्षुल्लक वाटेल, पण त्या काळच्या वेगवान टू-स्ट्रोकबद्दल ते म्हणता येणे ही मोठी गोष्ट होती.

1980 साली तिची पाण्याने थंड होणारी बहीण, 47 अश्वशक्तीची आरडी-350 एलसी, आली. ब्रिटनमध्ये या एलसींची एक शर्यतमालिका भरत असे; सर्व गाड्या एकसारख्या, आणि कोणाला कोणती मिळणार हे चाव्या सोडतीने काढून ठरवत. तुलनेची इतकी निखळ पद्धत मला दुसरी ठाऊक नाही, फक्त तेथे तुलना गाड्यांची न होता चालवणाऱ्यांची होत असे. 1983 मध्ये याच गाडीला वायपीव्हीएस ही पॉवर व्हॉल्व्हची यंत्रणा मिळाली. एक्झॉस्ट पोर्टच्या वरच्या कडेला एक आडवा, खाच पाडलेला दंडगोल बसवलेला असतो. छोटी मोटर त्याला फेऱ्यांप्रमाणे फिरवते आणि पोर्टची उंची कमी-जास्त होते. किल्ली फिरवताच तो दंडगोल एकदा पूर्ण फिरून स्वतःला साफ करतो, आणि इंजिन सुरू होण्याआधी येणारी ती बारीक घरघर ऐकण्यासाठी कित्येक जण उगाचच दोनदा किल्ली फिरवतात. वायपीव्हीएसमुळे पॉवरबँडचा उंबरठा घासून गुळगुळीत झाला. गाडी निर्विवाद अधिक चांगली झाली. तरीही जुन्या एलसीवर पॉवरबँड येणार हे अगोदर ओळखून गिअर पाडण्यात जी मजा होती, तिचा थोडा वाटा त्या मोटरने घेतला, असे माझे मत आहे.

आता या सगळ्याचा कळस. 1984 आणि 1985 या दोन वर्षांत तीन कारखान्यांनी आपापल्या ग्रां प्री, म्हणजे विश्वविजेतेपदाच्या शर्यतींच्या, गाड्यांच्या रस्त्यावरच्या आवृत्त्या काढल्या. यामाहाची आरडी-500 एलसी ही व्ही-फोर, म्हणजे व्ही आकारात मांडलेल्या चार सिलिंडरची, सुझुकीची आरजी-500 गामा ही चौकोनात मांडलेल्या चार सिलिंडरची, आणि होंडाची एनएस-400-आर ही 387 सीसीची व्ही-थ्री. तिन्हींना पुढे 16 इंची चाक, आणि तिन्ही केवळ किकने सुरू होणाऱ्या. बटण कोणालाच नाही.

गामाच्या चार सिलिंडरना चार रोटरी डिस्क व्हॉल्व्ह, म्हणजे मिश्रणाची वाट उघडझाक करणाऱ्या फिरत्या चकत्या, त्यामुळे कार्ब्युरेटर इंजिनाच्या दोन्ही बाजूंना. कंपनीचा दावा 95 अश्वशक्तीचा आणि कोरडे वजन सुमारे 155 किलो. मधल्या टप्प्यात ती फार काही देत नाही, आणि मग जे देते ते सगळे एकदम देते. यामाहा तिच्याहून बरीच जड, पण दोन क्रँकशाफ्टच्या जोडीला थरथर कमी करणारा बॅलन्सर असल्याने हातापायांना मुंग्या येत नाहीत. लांबच्या प्रवासाला तिघींतून तीच निवडावी. कागदावर सर्वांत कमकुवत होंडा, जेमतेम 72 अश्वशक्तीची. तिच्या पुढच्या दोन सिलिंडरना एटॅक ही यंत्रणा आहे: कमी फेऱ्यांत एक लहानसा जादा कप्पा एक्झॉस्टला जोडला जातो, लाटेला अधिक जागा मिळते आणि घुसमट कमी होते. वळणावळणाच्या रस्त्यावर, एका वळणातून निघून दुसऱ्यात शिरताना, गामाचा चालक पॉवरबँड हुकू नये म्हणून गिअर शोधत असतो, तेव्हा होंडाचा चालक आहे त्याच गिअरमध्ये पुढे गेलेला असतो. मोकळ्या, सरळ रस्त्यावर अर्थातच गामा त्याला सहज गाठते. तरीही तिघींतून एकच ठेवायची असेल तर मी होंडा ठेवीन. या मतावर वाद घालणारे पुष्कळ आहेत आणि त्यांची बाजूही पोकळ नाही.

नंतरच्या 250 सीसीच्या पिढीविषयी थोडक्यात. जपानमध्ये या गटाला 45, आणि पुढे 40 अश्वशक्तीची मर्यादा उत्पादकांनी आपसात ठरवून घेतली होती, म्हणून होंडाची एनएसआर, यामाहाची टीझेडआर आणि सुझुकीची आरजीव्ही यांच्या माहितीपत्रकांतील आकडे जवळजवळ जुळे दिसतात. इग्निशनचे नियंत्रण संगणकाकडे गेल्यावर एनएसआर इतकी सुसंस्कृत झाली की मधला टप्पा असा उरलाच नाही. कावासाकीची केआर-वन-एस मात्र त्या सुसंस्कृतपणाला शेवटपर्यंत दाद देत नाही.

अशी तुलना करताना एक पथ्य पाळावे लागते. तीस-चाळीस वर्षांच्या टू-स्ट्रोकचा मधला टप्पा कारखान्याने दिलेला आहे की दुर्लक्षाने आलेला, हे आधी तपासावे लागते. क्रँकचे सील हवा खेचत असतील, रीडच्या पट्ट्यांच्या कडा उडाल्या असतील, पॉवर व्हॉल्व्ह काजळीने अडकला असेल किंवा कोणी निराळा सायलेन्सर बसवून कार्ब्युरेटरमधील पेट्रोल मोजून सोडणारे जेट तेच ठेवले असतील, तर आपण त्या गाडीची परीक्षा करत नसून तिच्या मागच्या मालकाची करत असतो. म्हणून गाडी गरम होऊ द्यावी, वरच्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटरवर काही अंतर न्यावी, मग इग्निशन बंद करून त्याच क्षणी क्लच दाबावा, आणि थांबल्यावर प्लग काढून पाहावा. पोर्सेलीन बदामी-तपकिरी असेल तर ठीक. पांढरेफटक असेल तर मिश्रण पातळ आहे आणि पिस्टन चिकटण्याचा धोका आहे, काळे व ओलसर असेल तर ते जाड आहे. आणि लांब उतारावर ॲक्सिलरेटर पूर्ण मिटून गाडी तशीच गिअरमध्ये सोडू नये. इंजिनाचा ब्रेक या गाड्यांना जवळजवळ नसतोच. शिवाय ऑइल पंप ॲक्सिलरेटरला जोडलेला असल्याने नेमक्या त्या वेळी, फेऱ्या चढलेल्या असताना, पिस्टनला तेल कमी पोचते. अधूनमधून ॲक्सिलरेटर किंचित पिळत उतरावे. अशी तपासलेली एलसी आणि अशीच तपासलेली होंडा एकाच सकाळी चालवायला मिळाली, तर काटा लाल रेषेजवळ नेण्याची घाई न करता चौथ्या गिअरमध्ये, पॉवरबँडच्या थोडे अलीकडे, दोन्ही गाड्या एकाच चढावर नेऊन पाहाव्यात. नमस्कार.