वासरावर पैज कोण लावतंय?

[दृश्य: बाळीवेस, सकाळ. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, फुलांनी मढवलेल्या काठ्या.]

देव आहे की नाही हा वाद सोलापुरात घालायचा असेल तर जानेवारी सोडून या, असं आम्हाला एकाने फोनवर बजावलं होतं. आम्ही जानेवारीतच आलो. संक्रांतीच्या दिवसांत अख्खं शहर ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या यात्रेत असतं. गड्ड्यावर, म्हणजे जत्रेच्या मैदानात, पाळणे फिरत असतात, आणि ज्यांचा देवावर काडीचा विश्वास नाही तेसुद्धा पुण्याहून रजा टाकून घरी आलेले असतात.

13 जानेवारीला हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज निघतात. सोलापूरकरांच्या तोंडी त्या 'काठ्या'. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी, म्हणजे याच सिद्धेश्वरांनी, या गावात 68 लिंगं स्थापन केली अशी श्रद्धा आहे. काठ्या त्या सगळ्या लिंगांपाशी जातात, तिथे तैलाभिषेक होतो. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर लग्न लागतं. नवरी कुंभारकन्या. तिने म्हणे सिद्धरामांशीच लग्न करायचा हट्ट धरला होता. आपण शिवाला वाहून घेतलंय म्हणून त्यांनी आपला योगदंड पुढे केला, तिचं लग्न त्या दंडाशी लागलं. 'सत्यम, सत्यम, दिड्डम, दिड्डम' असा घोष होतो आणि हजारो हातांतून अक्षता उडतात.

[दृश्य: अक्षता सोहळा. घोष काही क्षण तसाच चालू द्यावा.]

या गर्दीत शंकेखोर माणसाला धरायला जागाच सापडत नाही. लग्न खरंच लागलं का, असं इथे कुणी विचारत नाही, आणि विचारलंच तर विचारणारा येडा ठरेल. इथे वर्षानुवर्षं लाल बावटा खांद्यावर घेतलेले कामगार अक्षता टाकायला येतात. गिरणीत मालकाशी भांडणारा हात आणि इथे तांदूळ उडवणारा हात एकच. त्यात कुणाला विसंगती वाटत नाही. मलाही फारशी वाटली नाही.

तिसऱ्या दिवशी मात्र गोष्ट बदलते. होम मैदानावर होम होतो, आणि त्यानंतर रात्री भाकणूक.

मानाचं एक वासरू आणतात. दिवसभर उपाशी ठेवलेलं. त्याच्यापुढे धान्य, गूळ, खोबरं, गाजर असं बरंच काही मांडतात. ते कशाला तोंड लावतं, काय नुसतं हुंगून सोडतं, बिथरतं की शांत उभं राहतं, यावरून वर्षाचं भाकीत सांगितलं जातं. तोंड लावलेली वस्तू महागणार. मुतलं तर पाऊस चांगला. बिथरलं तर वर्ष काळजीचं. सकाळी ही बातमी वर्तमानपत्रात असते, आणि लोक चहाबरोबर ती वाचतात.

लग्न हा सोहळा होता. हा दावा आहे. बाजारभावाबद्दलचा आणि पावसाबद्दलचा, म्हणजे तपासता येईल असा.

[दृश्य: सात रस्त्याजवळ चहाची गाडी. दोन माणसं, चेहरे दाखवायचे नाहीत.]

हे दोघं मामा-भाचे. मामांची उमर मार्केट यार्डात भुसार अडत्याकडे दिवाणजी म्हणून गेली. तरुणपणी काठी धरायचे, आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून नुसते बाराबंदी घालून सोबत चालतात. भाचा ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. दोघांनी नाव सांगायचं नाही या अटीवर कॅमेऱ्यापुढे वाद घातला. खरं तर आम्ही कॅमेरा सुरू करायच्या आधीच तो सुरू झाला होता.

"मामा, दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू गुळाला तोंड लावणारच की. त्यात भाकीत कुठलं आलं? आणि गूळ महागणार म्हणलं तर मला एक वर्ष सांगा, ज्या वर्षी कुठलीच वस्तू महाग झाली नाही."

"तू वासराला नापास करलालास बे."

"पेपर सोपाय म्हणून म्हणलालो."

भाच्याचं म्हणणं बरोबर आहे, आणि ते जरा उलगडून सांगायला हवं. 'गूळ महागणार' या वाक्यात कधी महागणार ते नाही, किती महागणार ते नाही, कशाच्या तुलनेत तेही नाही. वर्षभरात चार आठवडे जरी भाव चढला तरी भाकीत खरं ठरतं. 'पाऊस चांगला' याचंही तेच. सोलापूर पर्जन्यछायेतलं, इथे एखाद्या तालुक्यात धो धो पडतो आणि शेजारच्या तालुक्यात पेरणी वाया जाते. कुठल्या ना कुठल्या शिवारात वासरू बरोबर निघतंच. शिवाय बरोबर निघालेलं वर्ष लोक पुढच्या यात्रेपर्यंत सांगत राहतात, चुकलेलं वर्ष कुणी सांगत बसत नाही. जगातली बहुतेक भाकितं याच भरवशावर टिकलेली आहेत, आणि त्यात सुटाबुटातल्या शेअर बाजाराच्या पंडितांनाही मी धरतो.

मामांनी यावर जे उत्तर दिलं ते आम्हाला अपेक्षित नव्हतं.

"भाकणूक ऐकून कुठल्या शेठनं एक पोतं जास्तीचं भरलेलं मी अजून बघितलं नाही. ऐकतेत, हसतेत, हात जोडतेत. मग मोबाईलवर लातूरचा भाव बघतेत."

इथे मला वाटतं वादाचा खरा धागा हाताला लागतो. माणूस काय मानतो हे त्याला विचारून कळत नाही, तो कशावर पैसे लावतो ते बघावं. वासरावर कुणी पैसे लावत नाही. व्यापारी लावत नाही, शेतकरीही वासरू मुतलं म्हणून बियाणं दुप्पट घेत नाही. मग भाकणुकीवर तुटून पडणारा बुद्धिवादी एका रिकाम्या गढीवर चाल करून जातो, आणि तिथे कुणीच सापडत नाही म्हणून विजय जाहीर करतो.

पैजेचं हे गणित फार जुनं आहे. सतराव्या शतकात ब्लेझ पास्कल नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने देवावरच पैज मांडली. देव असेल आणि तुम्ही मानलं, तर अनंत फायदा. नसेल आणि तरी मानलं, तर थोडासाच तोटा. म्हणून मानणं शहाणपणाचं. हिशेब चोख वाटतो, पण तो सोलापुरात मांडून बघा. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषांचं हे गाव. लिंगायतांचं घर सिद्धेश्वराकडे बघतं, पद्मशाली घर मार्कंडेयाकडे, कुणी अक्कलकोटला जातं, कुणी दर्ग्यात चादर चढवतं, कुणी चर्चमध्ये. पास्कलने पैज लावायला सांगितलं, कुणावर लावायची ते सांगताना त्याच्या डोळ्यापुढे एकच देव होता. भाच्याला ही अडचण तोंडपाठ होती. मामांनी ती ऐकून घेतली आणि म्हणाले, "देव काय उधारीचं खातं आहे का बे, नफा-तोटा बघून उघडायला?" आस्तिकाच्या बाजूने पास्कलवरचा एवढा चांगला आक्षेप मी तरी दुसरीकडे ऐकलेला नाही.

[दृश्य: दक्षिण सोलापुरातलं शिवार, ज्वारीची ताटं, बांधावरचं दगडी देऊळ.]

पण प्रत्येक ठिकाणी गढी रिकामी नसते. काही ठिकाणी माणूस खरोखर पैज लावतो, आणि लावतो तो जीव.

साप चावल्यावर मांत्रिकाकडे नेणं ही ती जागा. मंत्राने बरे झालेले लोक गावोगाव भेटतात, आणि ते खोटं बोलत नसतात. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी सापसुद्धा दर वेळी पुरेसं विष टोचतोच असं नाही. म्हणजे मांत्रिकाकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण काहीही न करता बरे होणार असतात, आणि श्रेय मंत्राला जातं. उरतात ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरशाच्या खऱ्या दंशाचे. मण्यार तर रात्री झोपेत चावते, दुखत नाही, खूण धड दिसत नाही, आणि काही तासांनी पापण्या जड होतात, श्वास अडतो. त्या काही तासांत प्रतिविष मिळालं तर माणूस वाचण्याची चांगली शक्यता असते. तेच तास देवळाच्या ओट्यावर गेले तर ज्याने श्रद्धा ठेवली तो तक्रार करायला परत येत नाही.

या जागेवर महाराष्ट्राने कायदा केला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली आणि वर्षानुवर्षं या कायद्यासाठी धरणं धरलं. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात सकाळी फिरायला निघालेले असताना त्यांचा गोळ्या घालून खून झाला. लगोलग वटहुकूम निघाला, त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. देव मानू नका असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. समितीची भूमिकाही तीच राहिली: देवाधर्माला आमचा विरोध नाही, देवाच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे. इतकी आखडून घेतलेली भूमिका असतानाही त्यांना मारलं गेलं, हे विसरून 'दोन्ही बाजू सारख्याच हट्टी' असं म्हणणाऱ्यांचा मला कंटाळा येतो.

[दृश्य: सिद्धेश्वर तलाव, दुपार. पाण्यात मंदिराचं प्रतिबिंब.]

हा तलाव सिद्धरामांच्या हातचा मानला जातो. तलाव खोदणं, देऊळ बांधणं, लोकांना कामाला लावणं, हीच त्यांची साधना. कन्नडमध्ये त्यांची वचनंही, म्हणजे छोट्या भक्तिपर रचनाही, आहेत. पंधराव्या शतकात संकलित झालेल्या एका कन्नड ग्रंथात असा प्रसंग येतो की संतकवी अल्लमप्रभू सोन्नलिगेला, म्हणजे आजच्या सोलापूरला आले. काम जोरात चालू होतं. अल्लमांनी सिद्धरामांना हाक मारली ती 'वड्डा' म्हणून. माती-दगड फोडणारा. शिष्य खवळले, दगड घेऊन धावले. अल्लमांचा मुद्दा असा की, दगड रचून आणि पाणी अडवून शिव भेटत नसतो, तू बाहेर खोदत बसलायस. वाद लांबला, आणि शेवटी सिद्धराम त्यांच्याबरोबर कल्याणला, म्हणजे कर्नाटकातल्या आजच्या बसवकल्याणला गेले, असं ती कथा सांगते.

म्हणजे गावाच्या दैवताला त्याच्याच गावात येऊन 'तुझं हे देऊळ-तलाव सगळं बाह्य आहे' असं सुनावणारा माणूस होता, तो संत होता, आणि भक्तांनीच ती कथा जपली. भाच्याने ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली ती मामांकडूनच. त्याला ती फार आवडली आणि लगेच त्याने ती मामांविरुद्ध वापरली. मामा म्हणाले, "अल्लमप्रभू बरोबर बोलले असतील. पण पाणी गावानं पिलं."

याच जिल्ह्यात पंढरपुरात 1 मे 1947 रोजी साने गुरुजी उपोषणाला बसले होते. विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्य म्हटल्या गेलेल्यांना खुलं व्हावं म्हणून, आणि ते खुलं झालं. गुरुजी नास्तिक नव्हते. जीव पणाला लावायला नास्तिक असावं लागत नाही, हे एक उदाहरण मी बुद्धिवादी मित्रांसाठी इथे ठेवतो.

[दृश्य: चहाची गाडी, संध्याकाळ. ग्लास विसळल्याचा आवाज.]

भाच्याचा सगळ्यात जड प्रश्न शेवटी आला. बहात्तरच्या दुष्काळात मामा लहान होते. त्यांची आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, आणि जाताना 'सिद्धरामा' म्हणायची.

"मग त्यानं पाऊस का पाडला नाही, मामा? पाडता येत नव्हता, का पाडायचा नव्हता?"

मामा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "ते मला ठाऊक नाही. आई पाऊस पाड म्हणून त्याचं नाव घेत नव्हती, एवढं ठाऊक आहे. हातोडा उचलायच्या वक्ताला घ्यायची."

हे उत्तर झालं का? भाच्याच्या प्रश्नाचं नाही झालं. सर्वशक्तिमान आणि दयाळू देवाला दुष्काळ कसा चालतो, हा प्रश्न त्या हातोड्याने फुटत नाही, आणि तो फुटला असं दाखवणाऱ्या कीर्तनकारांवर माझा विश्वास नाही. पण मामांनी तसा दावाही केला नाही, हे भाच्यानेही मान्य केलं. मग वाद पुन्हा वासराकडे वळला, कारण तिथे दोघांना काहीतरी करता येण्यासारखं होतं.

भाच्याने सुचवलं की एक वही घालायची. एका बाजूला भाकणूक, दुसऱ्या बाजूला सोलापूर बाजार समितीतला भाव. मामांना यार्डातले आकडे मिळवणं अवघड नव्हतं.

"आणि वासरू बरोबर निघालं तर? काठी धरशील?"

"एका वर्षावरनं काही सिद्ध होत नाही, मामा."

"मग एका वर्षी चुकलं म्हणून पण होत नाही की बे."

भाचा हसला. किती वर्षं, यावर घासाघीस सुरू झाली. मग कुठल्या वस्तू. नुसतं हुंगलेलं धरायचं की नाही. तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करायची, हे मामांनी स्वतःहून घातलं, कारण सुगीत भाव उतरतो आणि पुढे चढतोच, त्याचं श्रेय वासराला देणं त्यांना पटेना. भाचा म्हणाला, महिन्यातला कमाल दर लिहू.

"कमाल नको. कमाल दर एका ढिगाला मिळतो. सर्वसाधारण दर लिही," मामा म्हणाले, आणि दोघांच्या चहाचे पैसे द्यायला उठले.