आधी दगडाला विचारा

(एका तालुक्याच्या गावी झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, बोलायला सुरुवात करण्याआधी टेबलावरच्या या तीन बरण्यांकडे बघा. मागच्या रांगेतून नीट दिसणार नाहीत, म्हणून सांगतो. तिन्हींत डांबर फासलेली खडी आहे आणि वर पाणी. ही खडी काल दुपारपासून चोवीस तास आमच्या प्रयोगशाळेत ४० अंशांच्या पाण्यात बुडवून ठेवली होती. पाण्यात राहून डांबर किती सुटतं, हे बघायची ही जुनी, साधी चाचणी आहे.

पहिल्या बरणीत आपल्या इथला काळा पाषाण आहे. एखाद-दुसऱ्या खड्याच्या धारेवर थोडंसं डांबर सुटलंय, बाकी सगळं जागच्या जागी. दुसऱ्या बरणीत गोंदियाकडून आणवलेली खडी आहे, ग्रॅनाइटच्या जातीची. तिच्यावर करडे, गुलाबट डाग पडलेत. तिथं पाण्यानं डांबर बाजूला सारलंय आणि दगड उघडा पडलाय. तिसऱ्या बरणीतही तीच गोंदियाची खडी, त्याच पोत्यातली. फक्त डांबर घालण्याआधी तिच्यावर प्लास्टिकचा पातळ थर चढवला होता. या बरणीत मला तरी डाग सापडला नाही. आज मला जे सांगायचंय ते या दुसऱ्या आणि तिसऱ्या बरणीतल्या फरकाबद्दल आहे. पहिल्या बरणीबद्दलही आहे, पण तिच्याकडे नंतर येतो.

‘प्लास्टिकचा रस्ता’ हे नाव आपल्याकडे रुळलंय, पण त्यानं गैरसमज होतो. रस्ता खडीचाच असतो आणि खडी डांबरानंच बांधलेली असते. वजनानं बघितलं तर शंभर किलो मिश्रणात जवळजवळ पंच्याण्णव किलो दगड आणि पाच किलो डांबर. त्या पाच किलोंतल्या साधारण सहा ते आठ टक्के डांबराच्या जागी प्लास्टिक येतं. तिसऱ्या बरणीतल्या एक किलो खडीला मी चार ग्रॅम प्लास्टिक घातलं. अर्ध्या लिटरची दुधाची रिकामी पिशवी तीनेक ग्रॅम भरते, म्हणजे साधारण सव्वा पिशवी.

आता हे चार ग्रॅम काय करतात? त्यासाठी आधी आपला रस्ता मरतो कसा, ते बघू. डांबर तेलकट आहे, त्याला पाणी आवडत नाही. दगडाला मात्र पाणी आवडतं. दोघांची सोयरीक आपण उष्णतेच्या जोरावर जमवतो आणि ती उन्हाळाभर टिकते. पावसाळ्यात पाणी भेगेतून आत शिरतं आणि वरून ट्रकचं चाक गेलं की ते दाबाखाली डांबर आणि दगड यांच्या मधोमध घुसतं. चाक पुढे गेलं की तेच पाणी मागे ओढलं जातं. दिवसाला हजार चाकं गेली तर हजार वेळा हे होतं. मग एक दिवस खडी मोकळी होते, चाकाबरोबर उडून साइडपट्टीला जाते, आणि तिच्या जागेला आपण खड्डा म्हणतो. खड्डा पावसाळ्यात दिसतो, पण त्याची सुरुवात त्या एका खड्याच्या अंगावरचं डांबर सुटतं तेव्हाच झालेली असते.

मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी २००१ च्या सुमाराला याच जागी बोट ठेवलं. तोवर जगभर लोक प्लास्टिक डांबरात विरघळवायचा प्रयत्न करत होते. त्यात अडचण अशी की ढवळणं थांबलं की प्लास्टिक वेगळं होऊन सायीसारखं वर येतं. वासुदेवन सरांनी क्रम बदलला. प्लास्टिक त्यांनी डांबराऐवजी तापलेल्या दगडावर टाकलं. मी ही रीत पहिल्यांदा समजून घेतली तेव्हा इतकी साधी गोष्ट आपल्याला का सुचली नाही, असं मला मनापासून वाटलं होतं. रस्त्यांवर काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांचं लक्ष डांबरावर होतं. त्यांचं दगडावर गेलं.

कृती अशी. खडी साधारण १६५ अंशांपर्यंत तापवायची. प्लास्टिकचे दोन ते चार मिलिमीटरचे तुकडे करून त्या खडीवर पसरायचे आणि हलवायचं. अर्ध्या मिनिटात तुकडे दिसेनासे होतात आणि खडी तेल लावल्यासारखी चकाकायला लागते. आमच्या मुलांना हा क्षण फार आवडतो, सगळी कढईभोवती गोळा होतात. मग त्यावर गरम डांबर ओतायचं. प्लास्टिक आणि डांबर दोन्ही खनिज तेलाच्याच कुळातले, त्यामुळे ते एकमेकांना घट्ट धरतात. दगडाच्या अंगावरची बारीक छिद्रं प्लास्टिकनं बुजलेली असल्यामुळे पाण्याला आत वाटच मिळत नाही. प्लास्टिक इथं वितळतं, जळत नाही. हा फरक महत्त्वाचा आहे आणि त्याची सगळी भिस्त तापमापकावर आहे.

२००२ मध्ये कॉलेजच्या आवारात रस्ता झाला, चेन्नईत जंबुलिंगम स्ट्रीट झाला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं तमिळनाडूतले असे रस्ते तपासले आणि २००८ साली अहवाल काढला. काही वर्षं वाहतूक सोसूनही त्यांच्यावर खड्डे किंवा चाकोऱ्या पडलेल्या नव्हत्या. २०१३ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेसनं, म्हणजे रस्तेबांधणीचे नियम ठरवणाऱ्या संस्थेनं, या रीतीची मार्गदर्शक संहिता छापली. २०१५ च्या नोव्हेंबरात केंद्राच्या महामार्ग मंत्रालयानं पाच लाखांवर वस्ती असलेल्या शहरांच्या पन्नास किलोमीटर परिघात डांबरी कामात टाकाऊ प्लास्टिक वापरण्याचा आदेश काढला. वासुदेवन सरांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्याकडे रायगड जिल्ह्यात नागोठण्याच्या रिलायन्सच्या कारखान्यात सुमारे चाळीस किलोमीटर रस्त्याला पन्नास टन प्लास्टिक वापरलं गेलं. कागदावर म्हणाल तर सगळं जागच्या जागी आहे.

आता पहिली बरणी. मदुराईच्या परिसरातला दगड ग्रॅनाइट आणि नाइसच्या कुळातला, सिलिका, म्हणजे वाळूतला मुख्य घटक, भरपूर असलेला. असा दगड डांबराला लवकर सोडतो. आपला दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, मुळातच डांबराला बऱ्यापैकी धरून ठेवतो. म्हणून तमिळनाडूतले आकडे उचलून आपल्या एस्टिमेटला चिकटवू नका, असं मी गेली कित्येक वर्षं सांगत आलोय. तिकडे जो फायदा झाला तो सगळाच्या सगळा इथं मिळेल असं नाही. पण महाराष्ट्र म्हणजे काही सगळाच काळा पाषाण नव्हे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली या भागांत आणि खाली सिंधुदुर्गात दख्खनचा लाव्हा संपतो आणि जुना, सिलिकावाला दगड वर येतो. पाऊसही तिथं भरपूर. माझ्या मते प्लास्टिकचा पहिला हक्क तिकडच्या रस्त्यांचा आहे. तिथं चुन्याची भुकटी घालूनही पकड सुधारते, आणि ती पुष्कळदा सोपी पडते. दोन्ही करून बघावं, बरणीत घालून बघावं आणि मग ठरवावं.

मग आपण काळ्या पाषाणवाल्यांनी काय करायचं? आपल्याकडेही दोन ठिकाणी प्लास्टिक उपयोगी पडतं. एक म्हणजे मांजऱ्या दगड. विहीर खणणाऱ्यांना तो चांगला माहीत आहे. छिद्रांचा, मऊसर. खडीनं दोन टक्क्यांहून जास्त पाणी प्यायलं तर नियमानं ती चालत नाही, आणि खाणीत चांगल्या दगडाबरोबर मांजऱ्या येतोच. प्लास्टिकचा थर चढला की या मर्यादेच्या आसपासची खडी पाणी कमी पिते. मात्र याचा अर्थ टाकाऊ दगड खपवायला वाट मिळाली, असा कुणी घेऊ नये. दुसरी गोष्ट उन्हाची. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात हवा ४५ अंशांवर असते तेव्हा काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग साठीच्या वर जातो. आपण वापरतो ते डांबर पन्नास अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतं. मग उसाचा ट्रॅक्टर असो की वाळूचा ट्रक, चाकाखाली रस्ता दबतो आणि चाकोरी पडते. प्लास्टिक घातलेलं मिश्रण उन्हात जास्त ताठ राहतं. चाकोरीत पाणी साचतं, ते साचलेलं पाणी पुन्हा खडीच्या मुळावर येतं, आणि पुन्हा आपण खड्ड्याशी पोचतो.

एक अनुभव सांगतो. एका गावच्या रस्त्याचं काम तपासायला मला बोलावलं होतं. खडी-डांबर मिसळण्याच्या प्लांटवर गेलो तर गोणीतून हातानं प्लास्टिक टाकत होते. ना मोजमाप, ना तुकडे केलेले. गोणी ओली होती, आत माती होती, भाजीची देठं होती. आणि त्यात फाडलेले फ्लेक्सचे बोर्ड होते. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसी. ते तापलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडतं. संहितेत पीव्हीसी आणि फ्लेक्सला स्पष्ट मनाई आहे. प्लांटवरच्या दोन पोरांचे डोळे लाल झाले होते, तोंडाला गमछा बांधून ती काम करत होती. मी काम थांबवायला लिहून दिलं, ते थांबलं नाही. पहिल्याच पावसाळ्यात कार्पेट, म्हणजे वरचा डांबरी थर, सोलून निघालं. त्यातली एक ढेप मी उचलून आणली. ती फोडली तर आत बिस्किटाच्या पुड्याचं वेष्टन, अर्धवट आकसलेलं, आणि त्याच्यावरची किंमत अजून वाचता येत होती. ते वितळलंच नव्हतं. ज्या वेष्टनात पीईटीचा, म्हणजे पाण्याच्या बाटलीच्या प्लास्टिकचा, पदर असतो त्याला वितळायला अडीचशेच्या वर उष्णता लागते, तेवढी आपण कधीच देत नाही. अशी वेष्टनं खडीवर थर चढवत नाहीत, दोन खडींच्या मध्ये पाचरीसारखी बसतात. गावात मात्र बोललं गेलं की प्लास्टिकचे रस्ते टिकत नाहीत.

त्यानंतर मी सुक्या कचऱ्याच्या शेडमध्ये जायला लागलो. तिथं एक मावशी वर्गीकरण करायच्या. त्यांनी मला प्लास्टिक कानानं ओळखायला शिकवलं. मुठीत चुरगाळलं आणि करकर वाजलं तर ते वेगळ्या ढिगात, गप्प बसलं तर दुधाच्या पिशवीच्या ढिगात. माझी पुस्तकं वितळण्याच्या तापमानावरून जे सांगतात तेच त्या आवाजावरून सांगत होत्या, आणि क्वचितच चुकत होत्या. आणखी एक सोपी परीक्षा आहे, ती मी सगळ्यांना सांगतो. पिंपभर पाणी घ्या आणि धुतलेले तुकडे त्यात टाका. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतं. पीव्हीसी आणि पीईटी बुडतं. तरंगेल ते रस्त्याला, बुडेल ते बाजूला. धुणं आणि निवडणं एकाच पिंपात होतं. मग ते उन्हात खडखडीत वाळवायचं, कारण ओलं प्लास्टिक पडलं की खडीचं तापमान उतरतं.

हे काम करणाऱ्यांना किलोमागे काय मिळतं, यावर तुमचा रस्ता ठरतो. दुधाच्या पिशवीला भंगारात भाव आहे, ती पुन्हा दाणा होऊन कामाला येते. ती रस्त्यात घालायची मला घाई नाही. बरणीत मी ती सोयीसाठी घातली. रस्त्याला जायला हवी ती पातळ पन्नी, जिला भंगारवाला हात लावत नाही, जी गटारात अडकते आणि गाईच्या पोटात जाते. पण तिला भावच नाही म्हटल्यावर ती वेचणार कोण? वेचण्याची, धुण्याची, कापण्याची मजुरी एस्टिमेटमध्ये स्वतंत्र बाब म्हणून धरली पाहिजे. ती धरत नाहीत, म्हणून मी सांगितली तशी ओली गोणी प्लांटवर येते.

आता फळ्यावर एक हिशेब मांडतो. एक किलोमीटर लांब, पावणेचार मीटर रुंद रस्ता, वर २५ मिलिमीटरचा थर. झाले सुमारे ९४ घनमीटर. घनमीटरला २.३ टन धरा, म्हणजे २१५ टन. त्याचे पाच टक्के डांबर, पावणेअकरा टन. त्याचे आठ टक्के प्लास्टिक, म्हणजे साधारण ८६० किलो. दुधाच्या पिशव्यांत सांगायचं तर पावणेतीन लाखांहून जास्त. एका तालुक्यासाठी हा मोठा आकडा आहे, आणि तेवढंच डांबर वाचतं.

पण देशाचा हिशेब वेगळा येतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१९-२० च्या अहवालाप्रमाणे देशात वर्षाला जवळपास ३५ लाख टन प्लास्टिक कचरा तयार झाला. पंतप्रधान ग्रामसडक योजनेत २००० पासून सात लाख किलोमीटरहून अधिक रस्ते झाले. समजा, त्या सगळ्या सात लाख किलोमीटरवर असाच थर असता आणि त्यात असंच प्लास्टिक घातलं असतं, तर सहा लाख टन खपलं असतं. वीसेक वर्षांत बांधलेल्या रस्त्यांनी एका वर्षाच्या कचऱ्याचा पाचवा भागसुद्धा संपवला नसता. म्हणून कुणी म्हणालं की प्लास्टिकची चिंता सोडा, आम्ही रस्त्यात घालतो, तर त्याला हा फळा दाखवा. आठाच्या जागी पंधरा टक्के घालून कचरा संपवण्याचा विचार तर करूच नका. मिश्रण जास्त ताठ होतं आणि थंडीत भेगा धरतं.

चाकांनी वरचा थर झिजतो, त्याबरोबर प्लास्टिकचे कण पाण्यात जाणार का, असं मला मघाशी एका ताईंनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. थर झिजतो हे खरं, आणि टायरही झिजतात, त्यांचे कण तर आजही प्रत्येक रस्त्यावरून वाहून जातात. विहिरीच्या किंवा पाझर तलावाच्या अंगाला असा रस्ता करताना गटाराच्या पाण्याचा नमुना आधी आणि नंतर तपासायचं कलम निविदेत घालावं, असा माझा आग्रह आहे.

आणि गटार हा शब्द आलाच आहे म्हणून सांगतो. साइडपट्टीला उतार नसेल, कडेची चारी बुजलेली असेल, तर तिसऱ्या बरणीतली खडीसुद्धा वाचणार नाही. पाणी खालून येतं, मुरूम भिजतो, पाया बसतो. वरच्या २५ मिलिमीटरच्या थरात सोनं घातलंत तरी तो पायाबरोबर खाली जातो.

बरण्यांची झाकणं मी आता काढून ठेवतो. पुढे येऊन बघा. दुसऱ्या बरणीतला एखादा खडा घ्या आणि अंगठ्यानं घासा, डांबर हाताला लागेल. इथं रॉकेलचा बोळा ठेवलाय. मग तिसरीतला घासा.