बिडाचा तवा पुन्हा चुलीवर

(दृश्य : परड्यातल्या धुण्याच्या दगडावर गंजलेला तवा. कॅमेरा अगदी जवळ.)

बारा इंची बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा. जाडी पाच मिलिमीटर, वजन अडीच किलोच्या वर. मधोमध तांबूस गंज, कडेला पापुद्रे सुटलेला काळा थर, पाठीला चुलीची जुनी काजळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या कितीतरी घरांत माळ्यावर असा एखादा तवा, आप्प्यांचं पात्र नाहीतर कढई पडून असते. नॉनस्टिक घरात आलं तेव्हा ही भांडी वर गेली. आता नॉनस्टिकचा लेप सुटायला लागला की ती पुन्हा खाली उतरतात. आणि उतरल्या उतरल्या बहुतेक वेळा एकच चूक होते : तवा थेट जाळात टाकला जातो.

शेणींच्या जाळात लालबुंद केला की सगळी घाण जळून जाते, असं सांगतात. घाण जळते हे खरं. पण त्याबरोबर बिडाचा वरचा थरही जळतो आणि त्यावर विटकरी रंगाची खपली धरते. त्या खपलीवर पुढे तेल तापवून बसवायचा थर टिकत नाही. कितीही वेळा तेल लावा, दोन डोशांत तो निघून येतो. शिवाय जाळ कधीच सगळीकडे सारखा नसतो. मधला भाग फुगतो, कड मागे राहते, आणि तवा एकतर वाकडा होतो किंवा तडकतो.

असं का होतं, ते बिडाच्या घडणीत आहे. बिडात साधारण तीन ते साडेतीन टक्के कार्बन असतो आणि तो धातूत ग्राफाइटच्या बारीक पाकळ्यांच्या रूपात पसरलेला असतो. त्यामुळे वितळलेलं बीड वाळूच्या साच्यात कानाकोपऱ्यापर्यंत सहज पोचतं. पण याच पाकळ्यांमुळे ते वाकत नाही, तुटतं. पत्र्याच्या कढईला पोचा पडतो, बिडाच्या कढईचा तुकडा पडतो. बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे भागातल्या फौंड्र्यांत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांत, काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. पंपाचे आणि गाड्यांचे भाग ओततात ते करडं बीड आणि तव्याचं बीड एकाच जातीचं.

म्हणून घासायला बसण्याआधी तवा तपासायचा. मूठ धरून अधांतरी लोंबकळू द्या आणि लाटण्याने कडेवर हलकेच टिचकी मारा. आवाज खणखणीत आणि लांबणारा आला तर तवा धड आहे. आवाज बद्द आला, लगेच विरला, तर कुठेतरी चीर आहे. कधी ती गंजाखाली दिसतही नाही. चिरलेल्या बिडाचं वेल्डिंग होतं, पण त्यासाठी निकेलची कांडी लागते आणि भांडं आधी सावकाश तापवून नंतर तितकंच सावकाश निववावं लागतं. तव्यासाठी तो खटाटोप परवडत नाही. चिरलेला तवा भंगारात द्या, भट्टीत जुनं बीड चालतं.

(दृश्य : तव्याचे दोन भाग शेजारी शेजारी. एकीकडे काळा थर, दुसरीकडे तांबडा.)

आता मुख्य गोष्ट. तव्यावरची सगळी घाण एका जातीची नसते. काळा, टणक, नखाने टवका उडणारा थर म्हणजे जळून घट्ट झालेलं तेल. तांबडा, बोटाला भुकटी लागणारा थर म्हणजे गंज. तेल सोड्याने सुटतं, गंज आंबटाने सुटतो. तेलकट तवा व्हिनेगरमध्ये बुडवला तर व्हिनेगर थराखाली पोचतच नाही. गंजलेला तवा सोड्यात ठेवला तर गंज जसाच्या तसा राहतो. दोन्ही असतील तर आधी तेल काढायचं, मग गंज.

थर पातळ असेल तर धुण्याचा सोडा पुरतो. लिटरभर पाण्याला दोन मोठे चमचे घालून तव्यासकट वीस-पंचवीस मिनिटं उकळा आणि गरम असतानाच तारेच्या घासणीने घासा. घासताना हातमोजे हवेत, नाहीतर हात भाजतो. वर्षानुवर्षांचा जाड थर मात्र याला दाद देत नाही. त्याला कॉस्टिक सोडा लागतो आणि तिथे घाई चालत नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत दहा लिटर गार पाणी आधी घ्या आणि त्यात अडीचशे ग्रॅम कॉस्टिक थोडं थोडं सोडा. क्रम उलटा करून कॉस्टिकवर पाणी ओतलं तर ते उसळून अंगावर येतं. अॅल्युमिनियमचं भांडं जवळपासही नको, कारण कॉस्टिक ते खातं आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन सुटतो. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, डोळ्यांना गॉगल, बादलीवर झाकण, आणि घरात लहान मुलं असतील तर बादली कुलूपबंद खोलीत. थेंब अंगावर उडालाच तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा-वीस मिनिटं धरा. डोळ्यात गेला तर तसाच धूत राहा आणि दवाखाना गाठा. तव्याची मूठ लाकडी असेल तर आधी काढून ठेवा. एक ते तीन दिवसांत थर चिखलासारखा मऊ होऊन निघून येतो.

गंजासाठी पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं. तवा पूर्ण बुडाला पाहिजे. अर्धा बाहेर राहिला तर पाण्याच्या रेषेवर कायमचा ओरखडा उमटतो. अर्ध्या तासाने बाहेर काढून घासा, गंज उरला असेल तर पुन्हा अर्धा तास. रात्रभर ठेवू नका. गंज संपला की आंबट पाणी बीडच खायला लागतं आणि पृष्ठभाग खरखरीत, खड्ड्याखड्ड्यांचा होतो. गंज वरवरचा असेल तर चिंचेचा जाड कोळ आणि काथ्या एवढ्यावर काम भागतं. संडास धुण्याचं अॅसिड मात्र तव्याला कधीही लावू नका.

(दृश्य : धुतलेल्या तव्यावरून फिरणारं पांढरं फडकं, त्यावर काळा डाग.)

इथे बरेच जण गोंधळतात. गंज गेला, तवा करडा दिसायला लागला, तरी फडकं काळंच होतं. पुन्हा घासलं तरी काळंच. हा मळ नाही. आंबटाने बीड किंचित विरघळलं आणि त्यातला ग्राफाइट मोकळा होऊन वर आला, तो फडक्याला लागतो. तो अपायकारक नाही. खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने तवा एकदा धुवा, म्हणजे उरलेलं आंबटही मरेल, आणि पुढे चला.

नक्षी, कोपरे आणि खोलगट भाग जास्त असतील तर विजेने गंज काढणं सोपं. प्लॅस्टिकच्या टबात दहा लिटर पाणी, तीन चमचे धुण्याचा सोडा, आणि गॅरेजवाल्यांकडे असतो तसला बारा व्होल्टचा साधा बॅटरी चार्जर. चार्जरची काळी, म्हणजे ऋण, तार तव्याला आणि लाल, धन, तार लोखंडाच्या टाकाऊ पट्टीला. तारा उलट लागल्या तर तवाच झिजतो. पट्टी स्टेनलेस स्टीलची नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतो. पाण्यात मीठ घालू नका, क्लोरीन सुटतो. बुडबुडे येतात ते बहुतांशी हायड्रोजनचे, म्हणून हे काम उघड्या परड्यात, आगीपासून लांब. हात घालण्याआधी चार्जर बंद. पट्टीकडे तोंड असलेली बाजूच आधी स्वच्छ होते, तेव्हा मधूनमधून तवा फिरवा.

धुतलेला उघडा तवा पाच-दहा मिनिटांत पुन्हा तांबूस व्हायला लागतो. पाऊसकाळात जांबोटी-कणकुंबीकडच्या हवेत तर फडक्याने पुसेपर्यंतच. म्हणून धुणं आणि वाळवणं यांत अंतर नको. फडक्याने कोरडा करून लगेच मंद आचेवर पाच-सात मिनिटं ठेवा, अंगातलं पाणी पूर्ण उडू द्या.

(दृश्य : तेलाचं बोट तव्यावर. मग तेच तेल पुसणारं सुती फडकं.)

आता तेल. जवसाचं तेल लवकर आणि कडक वाळतं, पण त्याचा थर काचेसारखा ठिसूळ होतो आणि जरा जाड लागला की पापुद्र्याने सुटतो. आमची पसंती करडीच्या तेलाला. ते चांगलं वाळतं आणि थर चिवट राहतो. घरात रिफाइंड शेंगतेल असेल तर तेही चालतं, फक्त एखादा हात जास्त द्यावा लागतो.

तवा हाताला जेमतेम सोसवेल इतका कोमट असताना अर्धा चमचा तेल दोन्ही बाजूंना, मुठीला, कडेला चोळा. मग कोरडं फडकं घेऊन सगळं तेल पुसून काढा, जणू ते चुकून लागलं होतं. तवा कोरडा दिसला पाहिजे. जे उरतं तेवढंच हवं असतं. सगळ्यात जास्त तवे इथेच बिघडतात, कारण हात आखडता घ्यायला मन होत नाही. जास्त तेल खालून वाळत नाही. ते वर ओघळतं आणि चिकट, मधाळ डाग पडतात.

ओव्हन असेल तर तवा पालथा घालून २३० ते २५० अंशांवर एक तास, आणि आतच निवू द्या. असं तीन-चार वेळा. ओव्हन नसेल तर गॅसवर किंवा विस्तवावर मध्यम आच, खिडकी उघडी. आधी धूर येतो. धूर येऊन पुरता थांबला की तो थर बसला. गॅसची आच मधोमधच लागते, म्हणून तवा धरून फिरवत, कलता करत कडाही तापवाव्या लागतात. पहिल्या हातानंतर रंग तपकिरी येतो, तो काळा करण्याच्या नादी लागू नका. काळेपणा वापरानेच येतो.

काही जण नवा तवा तीन-चार दिवस भाताच्या पेजेत भिजत ठेवतात. पेज आंबली की तिच्या सौम्य आंबटाने फौंड्रीची वाळू आणि वरवरचा गंज सुटतो, इतपत ती उपयोगी आहे. पण पेजेने थर बसत नाही. तेल आणि आच यांना पर्याय नाही.

तवा चिकट राहिला तर पुन्हा घासत बसू नका. तेल न लावता तसाच तासभर त्याच आचेला ठेवा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. पापुद्रे सुटले तर मात्र तेवढा भाग घासून पुन्हा पातळ हात. हँड ग्राइंडर लावून तवा आरशासारखा करायचा मोह टाळा. ओतकामाचा बारीक खरखरीतपणा गेला की थराला धरायला जागा राहत नाही.

आप्प्यांच्या पात्राला वेगळी निगा लागते. प्रत्येक वाटीच्या तळाशी पाण्याचा थेंब आणि तेलाचं डबकं राहतं. लाटण्याच्या टोकाला फडकं गुंडाळून एकेक वाटी पुसा. आच देताना पात्र पालथंच ठेवा, आणि धुतल्यावरही पालथं.

पहिले आठ-दहा वेळा तळणीचं किंवा तेलाचं काम करा : पुऱ्या, थालीपीठ, परतलेला कांदा. आंबोळीच्या पिठाचा नंबर त्यानंतर. पीठ घालण्याआधी अर्ध्या कांद्याच्या कापलेल्या बाजूला तेल लावून तवाभर फिरवा. चिंचेची आमटी, कढी, टोमॅटोचं सार नव्या थरावर शिजवू नका. आंबटाने थर उतरतो आणि पदार्थ काळा पडून लोखंडाची चव येते.

धुताना भांडी घासायचा साधा साबण चालतो. त्याने पक्का वाळलेला थर निघत नाही, रात्रभर पाण्यात भिजत ठेवल्याने निघतो. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतू नका. इंडक्शनवर एकदम मोठी आच देऊ नका, आधी दोन-तीन मिनिटं मंद ठेवा. पावसाळ्यात महिनाभर काम नसेल तर तव्याला तेलाचा पुसता हात देऊन कागदात गुंडाळा आणि हवेशीर जागी उभा ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला तर ओल आतच कोंडते. काढल्यावर खवट वास आला तर गरम पाण्याने धुऊन आचेवर वाळवा आणि नव्याने एक पातळ हात द्या.