पहिल्या डंपरात काय जातं?

(सांगलीत बांधकाम क्षेत्रातल्या मंडळींसमोर आणि नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. समोर ठेकेदार आणि आर्किटेक्ट बरेच दिसतायत, तेव्हा झाडांची महती गाण्यात वेळ घालवत नाही. कामाचंच बोलू: बांधकामाच्या जागेला लागून येणाऱ्या ओतांचं.

ओत म्हणजे काय हे सांगलीकराला सांगायला नको. कृष्णा चढली की पाणी ज्या सखल पट्ट्यांतून आत शिरतं आणि उतरताना जिथं रेंगाळतं, ती ही जागा. हरिपूरला वारणा येऊन मिळते. दोन्ही नद्या भरल्या की पाण्याला फुगवटा येतो आणि ते ओत शोधत गावात येतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट. शामरावनगरसारख्या भागाला तर पूरही लागत नाही, साधा पाऊस पुरतो. ओतावर मुरुमाचा भराव टाकला की प्लॉट उंच होतो, पाणी शेजाऱ्याकडे जातं. शेजारीही भराव टाकतो. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

उभी घरं पाडा असं मी म्हणणार नाही. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे नदीकाठच्या बांधकामाला बंधन असलेल्या पट्ट्यात, परवानगी कशी मिळते, हाही आज माझा विषय नाही. मी बोलणार आहे ते साइटच्या कडेला जो ओला तुकडा उरतो, त्याबद्दल. पाणथळींसाठी केंद्राचे २०१७ चे नियम आहेत. सर्वोच्च न्यायालयाने संरक्षण दिलेल्या पाणथळींची यादी दोन लाखांवर जाते, पण ती सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या जागांची, म्हणजे साडेपाच एकरांच्या वरची. आपले ओत बरेचदा काही गुंठ्यांचे. ते कुणाच्याच यादीत नसतात. त्यांचं काय करायचं हे साइटवरचा माणूसच ठरवतो.

तर साइटवर पहिल्या दिवशी काय होतं? जेसीबी येतो. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, पायाला चालत नाही. म्हणून ती खरवडून डंपरात भरतात आणि मुरूम आणतात. इंजिनिअरच्या दृष्टीनं बरोबरच आहे. पण त्या पहिल्या डंपरात वरची वीतभर माती जाते, आणि ओताचं सगळं बियाणं त्या वीतभरातच असतं.

हे घमेलं मी मुद्दाम आणलंय. मागे बसलेल्यांनी नंतर जवळ येऊन बघावं. उन्हाळ्यात एका ओताच्या काठची भेगाळलेली माती खरवडली, ढेकळं फोडली, यात पसरली आणि माती ओलीगच्च राहील एवढंच पाणी घालत गेलो. एकही बी मी पेरलेलं नाही. हे तीनधारी दांड्याचे लव्हाळे बघा, बोटांत फिरवलं की धारा लागतात. हा माका. ही काठावरून खाली उतरलेली, जाड बारक्या पानांची जलब्राह्मी. नर्सरीत जाऊन मागितलंत तर यातलं निम्मं मिळायचं नाही, आणि आपण ते ट्रकनं बाहेर पाठवतो!

म्हणून पहिली गोष्ट: ओल्या भागातली वरची वीतभर माती वेगळी काढा. ढीग कमरेपेक्षा उंच करू नका, आतलं बी गुदमरतं. वरून उसाचं पाचट पसरा. पाचट आपल्याकडे पेटवून द्यायलाच असतं असा समज आहे, त्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे. त्या ढिगात मुरूम, खडी, सिमेंट मिसळू देऊ नका. मिक्सर धुतलेलं पाणी तर ओताकडे सोडूच नका. त्याचा सामू (pH) १२ च्या आसपास असतो, म्हणजे ते फार क्षारीय असतं, बेडूक आणि मासे दोन्ही जातात. एक खड्डा काढा, प्लास्टिक अंथरा, तिथं धुवा. उघड्या उतारावरचा गाळ अडवायला खालच्या बाजूनं चर मारा आणि गोणपाट लावा. खर्च किरकोळ आहे.

काठाचं मात्र मन लावून करा. आपल्याला सवय सरळ उभ्या दगडी पिचिंगची, वर पेव्हर ब्लॉक, बाजूला लॉन आणि दोन गुलमोहर. फोटो झकास येतो. पण उभ्या काठावर पाण्यातलं काहीच रुजत नाही. एक फूट खाली जायला सहा ते आठ फूट लांबी द्या. मग जपून ठेवलेली माती त्या उतारावर पसरा.

आता झाडं. पाण्यात पाणकणीस, पण बेतानं. ते देशी असलं तरी मोकळं सोडलं तर दोन-तीन वर्षांत सगळा ओत गिळून टाकतं. एका कोपऱ्यात ठेवा, जांभळी पाणकोंबडी तिथं येते. चिखलात लव्हाळे. (शेतकऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या! उसात छळतो तो लव्हाळा वेगळा, हे त्याचे उंच भाऊबंद, शेतात शिरत नाहीत.) उतारावर वाळा, त्याची मुळं नऊ-दहा फूट खोल जातात आणि माती धरून ठेवतात. त्याच्या वरच्या बाजूला वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ. वाळ्याचे ठोंब पहिल्या पावसात लावा. चिखलातली रोपं मात्र ऑक्टोबरमध्ये, पाणी उतरू लागेल तसतशी खालच्या बाजूला लावत जा. जुलैत लावलीत तर पहिल्याच पुरात गेली समजा.

रोपं कृष्णेच्याच काठची घ्या. पाट साफ करताना शेतकरी लव्हाळे उपटून बांधावर टाकतात, ते मागून आणा. पण मुळं बादलीत नीट धुऊन घ्या. चिखलाबरोबर जलपर्णीचा एक तुकडा आला तरी पुरे, मग दरवर्षी मशिन लावून उपसत बसा. मूळची दक्षिण अमेरिकेची, पण आपल्या सांडपाण्यावर चांगली पोसते. शहराचं सांडपाणी कृष्णेत नेणाऱ्या शेरीनाल्याचं पाणी बघणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. पाणकणीस सांडपाणी थोडंफार निवळतं हे खरं, पण अख्ख्या वस्तीचं ड्रेनेज त्याच्या गळ्यात बांधू नका.

डासांचं विचाराल, दर वेळी कुणीतरी विचारतंच. डेंगीचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो: लिफ्टचा खड्डा, काँक्रीटच्या क्युरिंगसाठी साठवलेलं पाणी, बॅरल. ते आठवड्याला एकदा रिकामं करा. ज्या ओतात चतुर, बेडूक आणि छोटे देशी मासे आहेत, तिथं अळ्या फार टिकत नाहीत.

शेवटी पैशाचं. निविदेत एक ओळ असते, 'वृक्षारोपण, इतके नग'. रोप लावलं, फोटो काढला, बिल निघालं. ती ओळ बदला. निम्मं बिल लागवडीला द्या, उरलेलं दोन पावसाळे झाल्यावर काठावर काय जगलं ते मोजून. आणि त्या दोन वर्षांत बेशरम, गाजरगवत, जलपर्णी ही तणं उपटायला माणूस कोण देणार, तेही करारात लिहा. मसुदा तयार करायला मी बसेन तुमच्याबरोबर. ज्यांच्या साइटवर अजून जेसीबी आलेला नाही, त्यांनी चहाच्या वेळी आधी भेटा.